दार का उघडत नाही? : सामाईक संगणकावरील प्रवेशाच्या अडचणी आणि त्यांचे निदान



आपल्या विद्यालयाच्या संगणक कक्षात खरा संगणक एकच आहे. त्याला वीस पडदे आणि वीस कळफलक जोडलेले आहेत. त्या एका यंत्राला सर्व्हर म्हणतात व त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली चालते. प्रत्येक विद्यार्थ्याचे त्यावर स्वतंत्र खाते आहे. आपले नाव व पासवर्ड दिला की ज्याचे त्याला आपले टेबल, आपल्या वह्या, आपली चित्रे मिळतात. मी इतिहासाचा शिक्षक. परंतु निवासी शाळेत ज्याच्या हाती किल्ली येते त्याच्याकडेच ते काम राहते, या न्यायाने या कक्षाची देखभाल गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. त्या अनुभवातून एक पाठ येथे मांडतो. आपल्यापैकी अनेक जण आज कार्यालयांत, बँकांत, महाविद्यालयांत अशाच सामाईक यंत्रांवर काम करतात. त्यांना तो उपयोगी पडेल.

एका सोमवारची गोष्ट

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा दुसरा सोमवार. नववीचा वर्ग कक्षात आला. मुलांनी नाव व पासवर्ड भरला. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा प्रवेशाचेच पान समोर आले. एकाचे नव्हे, सगळ्यांचे तसेच. दुपारपर्यंत शिक्षकखोलीत निष्कर्षही निघाला. शनिवारी सायंकाळी नववीतील एक मुलगा कक्षात एकटाच बसला होता. आदल्या आठवड्यात त्यानेच मला विचारले होते, "सर, सगळ्यांचे पासवर्ड यंत्रात कुठे ठेवलेले असतात?" एवढे पुरेसे ठरले. त्याचे खाते बंद करावे आणि वडिलांना बोलावून घ्यावे, असे ठरू लागले. वडील ऊसतोडीला गेलेले. बोलावले असते तर त्यांचा दोन-तीन दिवसांचा रोज बुडाला असता आणि मुलाच्या कपाळी शिक्का बसला असता तो वेगळाच.

मी मुख्याध्यापकांकडे एका दिवसाची मुदत मागितली. पुराव्यावाचून विधान करू नये, हे मी वर्गात रोज शिकवतो. ते येथे पाळणे भाग होते.

पासवर्ड आला कोठून?

एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, ही कल्पना अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये प्रत्यक्ष करून दाखवली. त्या प्रणालीचे नाव सीटीएसएस. यंत्र सामाईक, पण काम ज्याचे त्याचे. म्हणून प्रत्येकास पासवर्ड देण्यात आला. पुढे १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स घडवले आणि १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याच वळणाचे लिनक्स लिहून सर्वांना खुले केले.

सीटीएसएसच्या काळातील एक घटना उद्बोधक आहे. १९६६ मध्ये एका दिवशी जो कोणी यंत्रात प्रवेश करील त्याच्यासमोर, नेहमीच्या स्वागतसूचनेऐवजी, सर्व वापरकर्त्यांच्या पासवर्डांची यादी उमटू लागली. प्रथमदर्शनी कोणालाही घातपातच वाटेल. प्रत्यक्षात दोन व्यवस्थापक एकाच वेळी दोन निरनिराळ्या फाइली दुरुस्त करीत होते. एक स्वागतसूचनेची, दुसरी पासवर्डांची. मजकूर दुरुस्त करणारी आज्ञावली दोघांसाठीही तात्पुरत्या फाइलीला एकच ठरलेले नाव देत असे. त्यामुळे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या जागी गेला. गुन्हेगार कोणीच नव्हता. कारण मात्र होते.

त्या यादीत पासवर्ड जसेच्या तसे लिहिलेले होते. आज तसे ठेवत नाहीत. लिनक्समध्ये 'पासडब्ल्यूडी' नावाच्या फाइलीत वापरकर्त्याचे नाव, क्रमांक, घर म्हणजे त्याच्या फाइलींची जागा, अशी माहिती असते व ती सर्वांना वाचता येते. पासवर्डाची खूण 'शॅडो' नावाच्या वेगळ्या फाइलीत असते व ती केवळ व्यवस्थापकाला वाचता येते. तेथेही मूळ पासवर्ड नसतो. गणिती प्रक्रियेने केलेले त्याचे असे रूप असते की ज्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. म्हणून "सर, माझा जुना पासवर्ड काय होता तेवढे सांगा" ही विनंती मी पुरी करू शकत नाही. मला नवा देता येतो. जुना मलाही ठाऊक नसतो. त्या मुलाच्या प्रश्नाचे मी हेच उत्तर दिले होते. तो प्रश्न जिज्ञासेचा होता.

प्रवेशाचे चार टप्पे

'लॉगिन होत नाही' हे एकच वाक्य असले तरी त्यामागे चार वेगवेगळे टप्पे आहेत. पहिला, ओळख : या नावाचे खाते आहे काय? दुसरा, पुरावा : दिलेला पासवर्ड त्या खात्याचाच आहे काय? तिसरा, परवानगी : खाते चालू आहे, मुदत संपलेली नाही, कुलूप लागलेले नाही, असे आहे काय? चौथा, बैठक : आत आलेल्यासाठी त्याचे घर उघडून काम सुरू करता येते काय? बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे कळल्यावाचून उपाय करणे म्हणजे ताप न मोजता औषध देणे होय. तथागतांनी दुःख, दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग हा क्रम सांगितला. कारणाच्या आधी मार्गाकडे धाव घेऊ नये, एवढे तरी त्यातून आपण उचलावे.

पहिल्या दोन टप्प्यांवरील अडचणी बहुधा साध्या असतात. लिनक्समध्ये लहान व मोठी इंग्रजी अक्षरे भिन्न मानली जातात. कॅप्स लॉक चालू राहिले तर अचूक पासवर्डही चुकीचा ठरतो. आपल्याकडे आणखी एक कारण वारंवार आढळते. मराठी टंकलेखनासाठी कळफलक इनस्क्रिप्टवर नेलेला असतो आणि तो परत इंग्रजीवर आणायचे राहून जाते. पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्याने चूक उमगत नाही. अशा वेळी नावाच्या चौकटीत दोन-चार अक्षरे उमटवून पाहावीत, पासवर्ड मात्र तेथे लिहू नये. केवळ मजकुराच्या काळ्या पडद्यावर तर ठिपकेही उमटत नाहीत. कळफलक बिघडला असे समजून मुले थांबतात. तो बिघडलेला नसतो. पासवर्डाची लांबीही शेजाऱ्यास कळू नये, अशी ती योजना आहे.

तिसऱ्या टप्प्यावर खात्याची स्थिती पाहावी लागते. अनेक यंत्रांवर तीन वेळा चुकीचा पासवर्ड दिला की खाते काही काळ, बहुधा दहा मिनिटे, बंद राहते. विद्यार्थी घाईघाईने पुनःपुन्हा प्रयत्न करतो आणि शेवटी अचूक पासवर्ड दिला तरी नकारच मिळतो. येथे थांबणे हाच उपाय. काही वेळा खात्याला अंतिम तारीख घातलेली असते. दहावीच्या मुलांच्या खात्यांना मी वर्षअखेरची तारीख घालतो. एका वर्षी ती चुकून नववीलाही लागली होती. 'चेज' या आज्ञेने अशा तारखा तपासता येतात.

चौथा टप्पा सर्वांत फसवा. येथे पासवर्ड मान्य झालेला असतो, पण घर उघडत नाही. घराची मालकी बदललेली असू शकते. लिनक्स फाइलीवर मालकाचे नाव लिहीत नाही, क्रमांक लिहितो. यंत्र नव्याने उभारून जुन्या फाइली परत आणल्या आणि खाती वेगळ्या क्रमाने तयार केली, तर एकाचे घर दुसऱ्याच्या नावावर दिसू लागते. किंवा साठवणुकीची जागाच संपलेली असू शकते. चित्ररूप पडदा सुरू करताना यंत्राला विद्यार्थ्याच्या घरात छोट्या फाइली लिहाव्या लागतात. तसूभरही जागा नसेल तर लिहिणे फसते, बैठक मोडते आणि विद्यार्थी परत दारात येतो.

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने जोडणाऱ्यांनी नकाराचे शब्द नीट वाचावेत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' असे आले तर बहुधा यंत्रापर्यंत पोहोचलो, पण तेथे दार राखणारी सेवा चालू नाही. 'टाइम्ड आउट' आले तर वाटेतच कोठे तरी अडले. 'परमिशन डिनाइड' आले तर दारापर्यंत गेलो, पुरावा मान्य झाला नाही. तीन नकारांची तीन कारणे आहेत. तिन्हींवर पासवर्ड बदलणे हा एकच उपाय करणे व्यर्थ होय.

उलगडा

सोमवारी सायंकाळी मी सर्व्हरच्याच कळफलकावर बसलो. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या कळा एकत्र दाबल्या की चित्ररूप पडद्याऐवजी मजकुराचा पडदा येतो. तेथे माझे खाते उघडले. म्हणजे सर्व्हर जिवंत होता आणि पासवर्डांची व्यवस्था शाबूत होती.

मग नोंदवही उघडली. लिनक्स प्रत्येक प्रवेशाची, प्रत्येक नकाराची वेळेसह नोंद ठेवतो. उबंटूसारख्या यंत्रात ती 'ऑथ' नावाच्या फाइलीत असते. सकाळच्या नोंदी एकसारख्या होत्या : अमक्याची बैठक उघडली; एक-दोन सेकंदांत बैठक बंद झाली. 'पासवर्ड चुकला' अशी नोंद अपवादानेच होती. म्हणजे कोणाचाही पासवर्ड बदललेला नव्हता. बिघाड चौथ्या टप्प्यावर होता.

शनिवारच्या नोंदीही पाहिल्या. तो मुलगा ५ वाजून ५० मिनिटांनी आत आला व ६ वाजून ३५ मिनिटांनी बाहेर पडला. व्यवस्थापकाचे अधिकार मिळवण्याचा एकही प्रयत्न त्याच्या नावावर नव्हता. इतिहासाचा विद्यार्थी येथे विचारील की ही नोंद लिहिली कोणी आणि ती खोडण्याचा अधिकार कोणाला होता? यंत्राने लिहिली, खोडण्याचा अधिकार केवळ व्यवस्थापकाला, म्हणजे मला होता. त्या मुलाला नव्हता.

शेवटी 'डीएफ' ही आज्ञा दिली. विद्यार्थ्यांच्या घरांसाठी राखलेला कप्पा शंभर टक्के भरलेला होता. कोणी भरला? 'डीयू' या आज्ञेने प्रत्येक घराचा आकार मोजला. सर्वांत मोठे घर माझे निघाले. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण मी तीन ठिकाणी उतरवून ठेवले होते; तिसरी प्रत शनिवारी रात्री ८ वाजून १० मिनिटांची होती. दोन प्रती काढून टाकल्या आणि वीसही पडदे उघडले.

मंगळवारी सकाळच्या परिपाठात मी सर्वांसमोर हे सांगितले आणि त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सर, ती नोंदवही मला वाचायला शिकवाल का?" त्याला शिकवली. त्यानंतर प्रत्येक खात्याला जागेची मर्यादा घातली, माझ्या खात्यालाही.

या पाठाचे तात्पर्य

दारात अडवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला शिकवावे लागत नाही. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला; तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना तेथे सत्याग्रह करावा लागला. पुढे प्रकरण न्यायालयात गेले. तळे आमचेच व इतरांना मज्जाव ही अनादि वहिवाट, असा वादींचा दावा होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कारण तशी वहिवाट त्यांना सिद्ध करता आली नाही. अडवणाऱ्याने पुरावा द्यावा, ही शिकवण त्या निकालात आहे.

संगणकाचे दार जात विचारत नाही, पुरावा विचारते; आणि नकार दिला तर त्याची नोंद ठेवते. परंतु ती नोंद वाचण्याचे कष्ट माणसानेच घ्यायचे असतात. ते न घेता आपणही एका ऊसतोड कामगाराच्या मुलाला दोषी ठरवण्याच्या बेतात होतो. आपल्याच शाळेत हे घडत होते, याची मला अधिक लाज वाटते.

म्हणून, असे सामाईक यंत्र सांभाळणाऱ्यांसाठी हा क्रम देऊन पाठ संपवतो.

१. अडचण एकाची की सर्वांची, हे प्रथम विचारावे. एकाची असेल तर कळफलक व खाते पाहावे. सर्वांची असेल तर यंत्र पाहावे.

२. पडद्यावर आलेले शब्द जसेच्या तसे लिहून घ्यावेत. 'काहीतरी आले' हे उत्तर मानू नये.

३. कॅप्स लॉक व कळफलकाची भाषा तपासावी.

४. नोंदवहीतून टप्पा निश्चित करावा : ओळख, पुरावा, परवानगी की बैठक.

५. खात्याची मुदत व कुलूप, साठवणुकीची जागा, घराची मालकी, या क्रमाने पाहावे.

६. एका वेळी एकच बदल करावा व परिणाम पाहूनच पुढे जावे.

७. कारण सापडेपर्यंत कोणाचेही नाव घेऊ नये.

सातवा नियम कोणत्याही तांत्रिक पुस्तकात मला आढळला नाही. तो आपल्या संगणक कक्षाच्या दारावर मी मोठ्या अक्षरांत लिहून लावला आहे. पुढच्या वेळी विद्यालयात याल तेव्हा अवश्य पाहा.

जय भीम. नमो बुद्धाय.