महाविद्यालयात टिकून राहण्याचा प्रश्न

महाविद्यालयाचे दार उघडणे आणि त्या दारातून आत आलेला विद्यार्थी पदवीपर्यंत टिकणे, या दोन भिन्न गोष्टी होत. छत्तीसगडमध्ये हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार या राज्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३०.६ टक्के, तर अनुसूचित जातींचे १२.८ टक्के होते. या समाजांतून रायपूरला शिकावयास येणारा तरुण पुष्कळदा आपल्या घरातील पहिलाच महाविद्यालयीन विद्यार्थी असतो.

रायपुरात १९३८ साली छत्तीसगड महाविद्यालय व १९६४ साली रविशंकर विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणासाठी नागपूर वा जबलपूर गाठण्याची निकड त्यामुळे कमी झाली. अंतर घटले, अडचणी मात्र सरल्या नाहीत. प्रवेशाचे दिवस आणि भाताच्या लावणीचे दिवस एकाच पावसाळ्यात येतात, आणि पुढे सत्र चालू असतानाच कापणी येते. घरच्या कर्त्या मुलाने अशा वेळी शेतावर असावे, अथवा मजुरी करून चार पैसे आणावेत, ही अपेक्षा स्वाभाविकच असते. शिष्यवृत्ती उशिरा हाती पडली, तर तोवरचा खोलीभाड्याचा व जेवणाचा भार त्याच्यावरच पडतो. शिवाय घरी गोंडी, छत्तीसगढी किंवा मराठीशी जवळीक असलेली हलबी, आणि वर्गात ग्रंथांतील हिंदी! न समजलेले विचारण्याचाही मग संकोच वाटू लागतो.

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालयांत शिकणाऱ्या कृष्णवर्णीय तरुणांच्या बाबतीतही नोकरीचा ताण, कुटुंबाची जबाबदारी, परकेपणा आणि अध्यापकांशी असलेला संबंध हीच कारणे अभ्यासकांना पुनःपुन्हा आढळली आहेत. व्हिन्सेन्ट टिन्टो यांनी १९७५ साली असे प्रतिपादन केले की, विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक व सामाजिक जीवनाशी जितका समरस होईल, तितका तो टिकण्याचा संभव अधिक. या मतावर पुढे एक आक्षेप घेण्यात आला. समरस होण्याचा सारा भार विद्यार्थ्यानेच का वाहावा? संस्थेनेही बदलावयास नको काय?

या प्रश्नाचे उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कृतीने दिले होते. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. १९५० साली औरंगाबादेत सुरू झालेल्या महाविद्यालयास, म्हणजेच पुढच्या मिलिंद महाविद्यालयास, वसतिगृहाची जोड देण्यात आली. येथे विद्यार्थ्याचे जीवन आधी पाहिले गेले व वेळापत्रक त्यावरून ठरले.

तात्पर्य, शिक्षण अर्ध्यावर सोडणाऱ्याच्या बुद्धीविषयी वा चिकाटीविषयी शंका घेण्यापूर्वी त्याची शिष्यवृत्ती, त्याची खोली, त्याची भाषा आणि त्याला नावाने ओळखणारा अध्यापक यांची चौकशी करणे उचित होय.