चारचाकी चालन आणि डिफरन्शियलचे कुलूप

गुडगाव (आजचे गुरुग्राम) येथील मारुतीच्या कारखान्यात 1985 पासून तयार होऊ लागलेल्या जिप्सी गाडीत इंजिनाचा जोर चारही चाकांना देण्याची सोय होती. तरीही पावसाळ्यानंतर यमुनेच्या खादरातील चिखलात अशी गाडीसुद्धा रुतून बसू शकते. याचे कारण डिफरन्शियल या दंतचक्रांच्या जुळणीत सापडते.

वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. डिफरन्शियलमुळे एकाच आसावरील दोन चाके निरनिराळ्या वेगाने फिरू शकतात; दोहोंना मिळणारा पीळ मात्र जवळजवळ समान राहतो. खरी गोम येथेच आहे. निसरड्या चिखलातील चाक फिरवण्यास अगदी थोडा पीळ पुरतो, आणि तेवढाच घट्ट जमिनीवरील जोडीदाराच्या वाट्याला येतो. एक गरगरते, दुसरे ढिम्म हलत नाही. पुढच्या व मागच्या आसावरील एकेक चाक असे घसरले, तर चारचाकी चालनही लंगडे पडते.

ट्रॅक्टर चालवणाऱ्या शेतकऱ्याला यावरचा उपाय ठाऊक असतो. पायाजवळचा खटका दाबताच डिफरन्शियलला कुलूप लागते; दोन्ही चाके एका दांड्यावर बसवल्यासारखी बरोबरीने फिरतात आणि पकड असलेल्या चाकाला ओढण्यापुरता पीळ मिळतो. शेतीकामाच्या काही छोट्या चारचाकी वाहनांत हेच काम हँडलवरील बटण करते.

कठीण रस्त्यावर मात्र हे कुलूप सोडलेलेच बरे; नाहीतर वळताना टायर घासतात आणि आसावर ताण येतो. चाक वेगाने गरगरत असताना ते लावणे तर त्याहून वाईट, कारण तशा झटक्याने दाते तुटू शकतात. आधी चाक थांबू द्यावे, मगच खटका दाबावा.