सड्यावर डबा आणण्याआधी

बाय, तुझा फोन आल्यापासून डोक्यात दुसरं काही नाही. भावोजींनी राजापूरच्या सड्यावर ठेवलेला तो दीड एकराचा तुकडा, त्यावरची कलमं, आणि तिथे तुला वीस फुटी कंटेनर आणून राहायची खोली नि अवजारांची जागा करायचीय. कर. मला मनापासून आवडलं. न्हावाशेव्याचं बंदर १९८९ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी मी यार्डात लागलो. निवृत्त होईपर्यंत डबेच सरळ केले, डबेच वेल्ड केले. कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो. तेव्हा जे हाताला ठाऊक आहे ते सांगतो, घाई न करता ऐक.

पहिल्या दिवशी मुकादमाने मला सांगितलं होतं की डब्याचा जीव त्याच्या कोपऱ्यांत असतो. तुझ्या डब्याचे आठ कोपरे बघ, प्रत्येकाला भोकं असलेला जाड ओतीव ठोकळा आहे. जहाजावर एकावर एक सात-आठ भरलेले डबे चढतात, ते सगळं ओझं या ठोकळ्यांतून आणि त्यांना जोडणाऱ्या चार उभ्या खांबांतून खाली उतरतं. बाजूची भिंत म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचा पन्हळी पत्रा. त्या पन्हळींमुळे डबा तिरपा होत नाही, पण तू म्हणशील ते ओझं ती घेईल असं नाही. छपराची चाचणी घेतात ती दोन फूट बाय एक फूट जागेवर ३०० किलो ठेवून. म्हणजे दोन माणसं वर चढून काम करू शकतील, तेवढंच. तू म्हणालीस तशी ५०० लिटरची टाकी वर ठेवलीस तर भरल्यावर अर्धा टन होईल, छप्पर बसेल आणि बसलेल्या जागी पाणी साचून गंज धरेल. टाकी शेजारी स्वतंत्र घोडीवर ठेव. आणि डबा अर्धा जमिनीत पुरून गारवा मिळवायची कल्पना सोडून दे. मातीचा दाब या भिंतींना सोसत नाही, त्या आत येतात. पेणकडे एकाने हौसेने पुरलेला डबा दुसऱ्या पावसात बाहेर काढायला मीच गेलो होतो. दार उघडत नव्हतं, कापावं लागलं.

म्हणून पायाही चार कोपऱ्यांखालीच हवा. अख्खा ओटा घालायला जाऊ नकोस, पैसे जातात आणि ओट्यावर पाणी साचून तळ कुजतो. चिऱ्याचे किंवा काँक्रीटचे चार भक्कम खांब, सड्यापासून दोन फूट उंच, माथ्यावर लोखंडी प्लेट. चारही माथे पाण्याच्या नळीने पातळीत घे, डोळ्यावर विसंबू नकोस. एक कोपरा अर्धा इंच खाली गेला तरी डबा पिळतो आणि दाराच्या कड्या लागेनाशा होतात. यार्डात दार लागत नाही म्हणून आलेल्या डब्याचं दार आम्ही शेवटी बघायचो, आधी तो कशावर ठेवलाय ते बघायचो. तुझं नशीब की खाली कातळ आहे. घाटावर काळ्या मातीत हेच काम असतं तर मुरूम लागेपर्यंत खणावं लागलं असतं, कारण ती माती पावसात फुगते नि उन्हात फाटते.

डब्याखालची दोन फुटांची जागा मोकळीच ठेव. उरलेले चिरे, पाईप, झावळ्या तिथे सरकवायचा मोह होईल. सड्यावर फुरशांना अशीच जागा हवी असते. खालून झाडू फिरला पाहिजे आणि उजेड आरपार दिसला पाहिजे.

आणि जेसीबी बोलवायच्या आधी एक काम कर. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असताना तो कातळ स्वच्छ झाडून चालत बघ. बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, देवीहसोळ, सगळी आपल्याच तालुक्यातली. तिथली कातळशिल्पं अशाच सड्यांवर, गवताखाली होती. तुझ्या तुकड्यात कोरलेली रेघ दिसली तर डबा वीस पावलं सरकव. आपल्याला जागा बदलता येते, रेघ पुन्हा कोरता येत नाही.

आता खरेदी. रंग बघून भुलू नकोस, यार्डवाले विकायच्या आदल्या दिवशी रंग मारतात. दाराबाहेर एक धातूची पाटी असते, तिच्यावर बनावटीचं वर्ष आणि महिना कोरलेला असतो. त्याच पाटीवर लाकडाला कोणतं औषध मारलंय त्याचीही ओळ असते. आतली जमीन २८ मिलिमीटरच्या प्लायवूडची असते आणि तिला कीड लागू नये म्हणून कीटकनाशक पाजलेलं असतं. जहाजावर ते ठीक, पण तू तिथे झोपणार आहेस. प्लाय काढून टाक किंवा घासून, इपॉक्सीचे दोन हात देऊन वर नवी फळी टाक. तेलाचे, औषधाचे डाग असलेला, उघडताच डोळे चुरचुरणारा डबा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नकोस. आत काय वाहिलं गेलं ते कुणी सांगत नाही. मग आत जा, कुणाला तरी बाहेर उभं करून दार लावायला सांग आणि अंधारात पाच मिनिटं थांब. जिथून उजेडाचा ठिपका येईल तिथून पाऊस येईल. बाहेर आलीस की वाकून तळाच्या आडव्या पट्ट्यांवर हातोडी मार. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तर आतून खाल्लेली आहे.

कागदाचं काम लोक विसरतात. परदेशातून आलेला डबा परत जायच्या बोलीवर, कर न भरता देशात येतो. इथेच विकायचा तर त्यावर कस्टम ड्यूटी भरलेली असावी लागते. तो कागद माग, आणि त्यावरचा नंबर, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, डब्यावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघ.

मापाचंही ऐक. बाहेरून आठ फूट रुंद असला तरी आत पावणेआठ फूटही भरत नाही, उंचीही पावणेआठच्या आसपास. उष्णतारोधक थर लावल्यावर रुंदी सव्वासात फुटांवर येते. आडवी कॉट बसेल, पण पंखा भिंतीवरचाच लाव, छताचा पंखा हात वर केला तरी लागेल. साडेनऊ फुटी हायक्यूब मिळाला तर सोनं, मात्र वीस फुटीत तो क्वचित मिळतो आणि चाळीस फुटीचा ट्रेलर तुझ्या सड्याच्या वळणांवर वळणार नाही.

आणायचा तो शिमग्याच्या आत. तेव्हा रस्ता कोरडा असतो आणि आंबा उतरवायची धावपळ सुरू झालेली नसते. ट्रेलरवर चढवलेला डबा रस्त्यापासून १३-१४ फुटांवर जातो, आणि गावातल्या तारा कुठे कुठे त्याहून खाली झोळलेल्या असतात. आदल्या आठवड्यात बांबूला खूण करून अख्खा रस्ता चालत जा. तारांची अडचण दिसली तर वायरमनला आधी सांग, ऐनवेळी काठीने तार उचलणारी पोरं मी पाहिलीत आणि त्यातला एक आज नाही. उचलायला हायड्रा क्रेन बोलावशील तेव्हा तिला उभं राहायला सपाट जागा आणि वर मोकळं आभाळ ठेव. कलमाची एखादी फांदी आधीच छाटावी लागेल, तेवढं दुःख सोस.

खिडक्या कागदावर काढ, मग पत्र्यावर खडूने काढ, मग दोन दिवस जाऊ दे. भोक पाडायच्या आधी आतून चौकोनी पाईपची चौकट बसवायची, टाके घालायचे आणि नंतरच ग्राइंडरने कापायचं. गॅसने कापलंस तर एवढा पातळ पत्रा तापून वाकतो. कोपऱ्यातले खांब आणि वरची-खालची लांब पट्टी यांना हात लावू नकोस. अख्खी बाजू काढून पडवी करायची असेल तर वर तुळई हवी, ते काम इंजिनियरला विचारल्याशिवाय नको. पन्हळीच्या खळगीतून पाणी उतरतं आणि खिडकीच्या चौकटीवर येऊन थांबतं, म्हणून चौकट भिंतीपासून बाहेर काढ, सांधा पूर्ण वेल्ड कर आणि वर छज्जा दे. कापताना तोंडाला मास्क लाव, जुन्या रंगात काय आहे ते सांगता येत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेला त्याच दिवशी प्रायमर. हे पोलाद गंज सोसणारं असतं खरं, पण ते मधेमधे वाळलं तरच. आपल्याकडे चार महिने ते वाळतच नाही.

डब्यावर दुसरं छप्पर घाल. खर्च कमी करायचा झाला तर इतर कशातही कर, यात नको. सड्यावर एप्रिलमध्ये उघडा पत्रा हाताला चटका देतो आणि आतली खोली भट्टी होते. वर दीड फूट अंतर सोडून पत्र्याचं उतरतं छप्पर, चारही बाजूंनी तीन फूट बाहेर. ऊन डब्याला लागत नाही, पाऊसही लागत नाही, आणि पुढे आपोआप पडवी मिळते. पण तेच छप्पर वाऱ्याला शीडही होतं. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं, त्यानंतर तिथे उडालेले पत्रे मी डोळ्यांनी पाहिलेत. रिकामा वीस फुटी डबा सव्वादोन टनांचा असतो, त्याला खांबाच्या प्लेटशी वेल्ड कर. छपराचे खांब मात्र कातळात भोक पाडून वेगळे रोव.

डबा समुद्राचं पाणी बाहेर ठेवायला बनवलाय, म्हणून आतलं पाणीही तो बाहेर सोडत नाही. माणसाचा श्वास, ओले कपडे, चहाची वाफ, सगळं रात्री गार पत्र्यावर थेंब होऊन बसतं. त्याला वाट दे. एका बाजूला जमिनीलगत आणि समोरच्या बाजूला छताखाली जाळीचे झरोके ठेव, छपराला भोक न पाडता. आतून ग्लासवूल कोंबू नकोस, ते ओल धरून बसतं आणि मागचा पत्रा तुला न दिसता खातं. पत्र्याला चिकटणारा पीयू फोम फवारून घे.

याच फोमवरून आठवलं. यार्डात यंत्र मेलेले रीफर पडलेले असतात, मासे-फळं नेणारे थंड डबे. त्यांच्या भिंतीत मुळातच सुमारे तीन इंच फोम असतो, आतून स्टेनलेस स्टील, आणि यंत्र बंद म्हणून बाकी कुणाला ते नको असतात. आतली जागा थोडी कमी मिळेल आणि खालच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर फळी टाकावी लागेल, पण उष्णतेचं अर्धं काम झालेलं असेल. फक्त तो हवाबंद असतो. झरोके पाडल्याशिवाय त्यात एक रात्रही झोपायचं नाही.

खतं आणि औषधं झोपायच्या खोलीशेजारी नकोत, मध्ये भिंत असली तरी. त्यांना बाहेर चिऱ्याची छोटी खोपी बांध.

विजेच्या बाबतीत तू माझं ऐकलंच पाहिजेस. अख्खी खोली लोखंडाची आहे, एक वायर खरवडली तर भिंतीला हात लावणारा प्रत्येक जण धोक्यात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लाव आणि डब्याची चौकट अर्थिंगला जोड. कातळात अर्थिंग लागत नाही. खाली विहिरीजवळ माती आहे तिथे दोन खड्डे घे आणि जाड पट्टी वरपर्यंत आण. वायरमन इथेच एक सळई ठोकतो म्हणाला तर मापून दाखव म्हण.

मूळ दार फक्त बाहेरून लागतं, आतून उघडायची सोय नसते. बाजूला साधं, आतून उघडणारं दार काढून घे, आणि ते होईपर्यंत मोठ्या दाराच्या कड्या साखळीने उघड्या बांधून ठेव. सुट्टीत भावंडांची पोरं येतील, ती लपाछपी खेळणारच.

ग्रामपंचायतीत आणि तलाठ्याकडे आधी जाऊन ये. पाया नाही, उचलून नेता येतो, म्हणून परवानगी लागत नाही असं विकणारे सांगतात, त्यावर जाऊ नकोस. अवजारांची खोली, शेतघर आणि भाड्याने द्यायची खोली, तिन्हींचे नियम वेगळे आहेत. काय करणार ते खरं सांग आणि लेखी घे.

बाकी सगळं झालं की आतला फोम आणि फळी मात्र मृग बरसेपर्यंत लावू नकोस. पहिला जोराचा पाऊस लागला की दार लावून, बॅटरी आणि सुताराची जाड पेन्सिल घेऊन आत बस. खडू नको, ओल्यावर उठत नाही. जिथे थेंब दिसेल तिथे खूण कर आणि वेळ लिही. लगेच आला तर वरचा सांधा, तासाभराने आला तर खिडकी, सकाळी आला तर तो पाऊस नसून आतलीच वाफ आहे. त्या खुणांचे फोटो मला पाठव, मी वेल्डरला फोनवर सांगतो.