आजची आयत: नफा आणि व्याज

आज सूरह अल-बकरा, आयत 275. व्यापारही व्याजासारखाच की, असं म्हणणाऱ्यांचा आक्षेप इथे आधी येतो, मग उत्तर: व्यापार हलाल, रिबा हराम.

पण फरक काय? मी देवनारला राहतो. बकरी ईदच्या आधी इथल्या बाजारात थेट राजस्थानहून बकरे येतात. एखादा बकरा पावसात आजारी पडून मेला, तर तोटा व्यापाऱ्याचा. त्याला व्याजाने पैसे देणाऱ्याची रक्कम मात्र ठरलेली, बकरा विको नाहीतर मरो. नफा हवा तर तोट्यातही वाटा घ्या, मला तरी आयत अशी कळते.

म्हणून एफडी नको. शेअर म्हणजे धंद्यात भागीदारी, तो बहुतेक उलमांच्या मते चालतो. पण व्याजी बँका, दारू, कर्जात बुडालेल्या कंपन्या बाद. ही चाळणी लावलेला टासिस शरिया 50 निर्देशांक मुंबई शेअर बाजारात डिसेंबर 2010 मध्येच आला (माझ्या टीममध्ये अजून कुणाला पत्ता नाही!). चाळणीतून उरलेल्या कंपनीलाही थोडं व्याज मिळतंच. लाभांशातला तेवढा हिस्सा सवाबची अपेक्षा न ठेवता गरिबाला द्यायचा. अडीच टक्के जकात वेगळी, ती यात धरू नका.

आणि पगारातून कापल्या जाणाऱ्या पीएफवरचं व्याज? ते उद्या, आयत 276 सोबत.