पिवळ्या पिनेपुरतंच काम

चि. बंटी,


माळ्यावर सापडलेल्या व्हिडिओ गेमचा फोटो पाहिला. ‘मामा, ह्याला एचडीएमआय बसवू का?’ असं विचारतोयस. नको. चित्र नेमकं कुठे बिघडतं ते आधी समजून घे, मग सोल्डरिंग आयर्न तापव.

निन्टेंडोने १९८३ साली जपानात फॅमिकॉम काढला, त्याची ही नक्कल. नव्वदीत आपल्याकडे व्हिडिओ गेम म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे हेच यंत्र यायचं. (कॅसेटवरच्या ‘९९९९ इन १’वर जाऊ नकोस. आत मोजक्याच गेम असतात, त्याच पुन्हा पुन्हा.) यातली पीपीयू नावाची चिप रंग, उजेड आणि सिंक एकत्र करून तयार कंपोझिट सिग्नलच बाहेर सोडते. म्हणजे टीव्हीच्या पिवळ्या पिनेला जे लागतं ते यंत्रात पहिल्यापासून आहे. पण तेव्हाच्या कित्येक टीव्हींना मागे अँटेनाचं एकच भोक असायचं. म्हणून हा सिग्नल आरएफ मॉड्युलेटरच्या पत्र्याच्या डबीत नेऊन एका चॅनलवर चढवायचा आणि टीव्हीने तो पुन्हा उतरवायचा. पडद्यावरच्या मुंग्या आणि आवाजातली घरघर या चढउतारात शिरतात. तुला तो फेरा टाळायचाय, नवीन काही घालायचं नाही.

पत्र्याची ती डबी शोध. तिच्यात साधारण चार तारा जातात: पाच व्होल्ट, ग्राउंड, आवाज आणि चित्र. मल्टिमीटरने पहिल्या दोन ओळखता येतात. उरलेल्यांपैकी चित्राची तार मागे कुठून येते ते बोर्डावर बोटाने माग काढत पाहा. खऱ्या फॅमिकॉममध्ये, आणि चाळीस पायांची सुटी चिप असलेल्या नकलेतही, ती पीपीयूच्या २१ नंबरच्या पायाशी पोचते. तुझ्या बोर्डावर चिपऐवजी काळा डांबरासारखा ठिपका असेल, तर पाय शोधायचे कष्ट घेऊ नकोस. डबीकडूनच मागे ये.

ही तार सरळ पिवळ्या जॅकला जोडलीस तर चित्र अंधारं येईल किंवा लोळेल. टीव्हीची बाजू ७५ ओहमची असते, तो भार चिपला पेलत नाही. मध्ये एक ट्रान्झिस्टर लागतो. पुष्कळ नकलांमध्ये तो डबीच्या आधी असतोच, तेव्हा आधी बघून घे. नसेल तर बीसी५५७ घे, तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडवर कुठेही मिळेल. कलेक्टर ग्राउंडला, बेसला चिपचा सिग्नल, एमिटरला पाच व्होल्टकडून सुमारे ३०० ओहम. एमिटरवरूनच २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, अधिक टोक एमिटरकडे, मग ७५ ओहम आणि पुढे जॅक. इंटरनेटवरच्या आकृत्यांत बहुधा २एन३९०६ असतो. त्याचे पाय बीसी५५७च्या बरोबर उलट्या क्रमाने येतात. सपाट बाजू आपल्याकडे धरली की बीसी५५७ डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. आकृती डोळे झाकून उतरवणाऱ्याचं चित्र इथेच अडतं.

जोडणी झाली की डबीकडे जाणारी चित्राची आणि पाच व्होल्टची तार काढून टाक. ७८०५ रेग्युलेटर डबीच्याच पट्टीवर बसवलेला नाही ना, ते मात्र आधी पाहा. आवाज एकच, मोनो, त्यात फारसं काही नाही.

मग मारिओ लाव आणि निळ्या आकाशाकडे बघ. उभ्या फिकट रेघा दिसतील. चित्राची तार डेटाच्या रेघांशेजारून जाते, त्याचा हा प्रसाद. शील्डची वायर वापर, शक्य तितकी आखूड ठेव आणि चिपच्या पाच व्होल्ट-ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक लाव. रेघा कमी होतील, पार जाणार नाहीत. तिथे थांब. चित्र कृष्णधवल आलं तर बोर्डाला दोष देण्याआधी क्रिस्टल वाच. २६.६०१७१२ असेल तर पाल, २१.४७७२७ असेल तर एनटीएससी. टीव्हीत तशी सिस्टीम निवड.

आरजीबीचा नाद सोड. या चिपमध्ये लाल-हिरवा-निळा वेगवेगळे कुठे तयारच होत नाहीत, तर बाहेर काय काढणार? आणि बाजारातली एव्ही टू एचडीएमआय डबी चित्र सुधारत नाही, नुसती जागा बदलते. यातल्या २४० ओळींना बरेच नवे टीव्ही इंटरलेस समजतात आणि हलणारं चित्र फाडतात. शिवाय बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. आजीचा ट्यूबचा टीव्ही या यंत्राला सगळ्यात मानवतो, त्याला पिवळी पिन आहे. पण त्याचं मागचं झाकण काही झालं तरी उघडायचं नाही. ट्यूबच्या ॲनोडवर वीस हजारांच्या घरात व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही ते टिकून राहू शकतात. यात मी ऐकून घेणार नाही.

अ‍ॅडॉप्टरच्या पिनेत आत अधिक की उणे, हे यंत्रागणिक बदलतं. लावण्याआधी तपास.

बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो उजेडात काढून पाठव, क्रिस्टलवरचा आकडा वाचता यायला हवा. माझं उत्तर येईपर्यंत डबी काढू नकोस. ताईला नमस्कार सांग.

तुझा
मामा