इतिहासासाठी नागपूर की पुणे?

बी. ए. नंतर इतिहासात एम. ए. करावयाचे तर विद्यापीठ कोणते निवडावे? नागपूर विद्यापीठ १९२३ चे, पुणे १९४९ चे. पण केवळ वय वा लौकिक पाहून भागत नाही. अभ्यासाची साधने कोठे आहेत, हे पाहावे. पेशवाईची मोडी कागदपत्रे वाचावयाची असतील, तर पेशवे दफ्तर व भारत इतिहास संशोधक मंडळ असलेले पुणे बरे. प्राचीन वाकाटक अभ्यासावयाचे असतील, तर नागपूर. आपल्या जिल्ह्यातील पवनार येथे त्याच विद्यापीठाने १९६७ साली उत्खनन केले. महामहोपाध्याय मिराशींच्या मते तेच वाकाटकांचे प्रवरपूर.

अल्लीपूरच्या आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. वडील म्हणतात, "पुण्याचं नाव मोठं आहे, कर्ज काढू." पण मला पवनारच्या मातीतला इतिहास शिकावयाचा आहे. म्हणून मी नागपूरच ठरविले आहे.