लैंगिक छळ : कायद्याची व्याख्या आणि निर्णयाचा अधिकार

‘विशाखा’ हे नाव ऐकले की आपल्याला श्रावस्तीची महाउपासिका आठवते. सर्वोच्च न्यायालयाच्या 13 ऑगस्ट 1997 च्या निकालातील विशाखा ही मात्र राजस्थानातील एक महिला संस्था आहे. त्या निकालामागे भंवरीदेवी आहेत. कुंभार समाजातील ही स्त्री शासनाच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ होती. बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न केला म्हणून 1992 मध्ये भटेरी गावात आपल्यावर सामूहिक बलात्कार झाला, अशी फिर्याद तिने दिली. जयपूरच्या न्यायालयाने 1995 मध्ये आरोपींना त्या आरोपातून सोडले. वरच्या जातीचे पुरुष खालच्या जातीच्या स्त्रीला शिवणार नाहीत, अशा आशयाचे कारण त्यात होते! विहिरीवर विटाळ मानणारी जात येथे आरोपीची साक्षीदार झाली.

महिला संस्थांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने घटनेतील कलम 14, 15, 19 व 21 यांच्या आधारे मार्गदर्शक तत्त्वे दिली. कायदा व्हायला मात्र 2013 साल उजाडले.

या कायद्याच्या व्याख्येत महत्त्वाचा शब्द आहे ‘नकोसे’. स्त्रीला नकोसा असलेला स्पर्श वा लगट, शरीरसुखाची मागणी, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रे दाखविणे किंवा लैंगिक स्वरूपाचे कोणतेही शारीरिक, शाब्दिक अथवा खाणाखुणांचे वर्तन म्हणजे लैंगिक छळ. म्हणून “मी तर गंमत केली” हा बचाव पुरेसा ठरत नाही. अंगाला हात लागलाच पाहिजे असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे 1999 मध्येच सांगितले आहे.

आता ठरविणार कोण? दहा किंवा अधिक कामगार असतील तेथे अंतर्गत समिती. तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया, आणि एक सदस्य बाहेरचा. कामगार दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. घरकाम करणाऱ्या भगिनींनाही तिचे दार उघडे आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यावी. सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर लिहून घेण्यास मदत करणे समितीवर बंधनकारक आहे.

स्थानिक समितीवर अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग वा अल्पसंख्याक समाजातील किमान एक स्त्री असावी, असे कायदा सांगतो. अंतर्गत समितीसाठी अशी अट नाही. भंवरीदेवींचा खटला आठवला की ही उणीव आम्हाला खटकते. आपल्या ज्या भगिनी कार्यालयांत, महाविद्यालयांत आहेत, त्यांनी तेथील समितीवर कोण आहे, हे एकदा फलकावर वाचून घ्यावे. तो फलक लावणे मालकाचे कर्तव्य आहे.